मऊ म्हणजे किती मऊ

गादीच्या कारखान्यात मऊपणाला एक शब्द पुरत नाही. गिऱ्हाईक येते आणि ‘मऊ हवी’ एवढेच म्हणून मोकळे होते. पण मऊ म्हणजे किती मऊ, कोणाच्या पाठीला मऊ आणि किती दिवस मऊ, याचा निवाडा कोणीतरी करावाच लागतो. या कारखान्यात तो गेली एकतीस वर्षे आत्याबाई करीत होत्या. त्या मालकाच्या सख्ख्या आत्या. मालक लहानपणापासून त्यांना आत्या म्हणे, म्हणून सगळा कारखाना त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला पहारेकरीसुद्धा.

शिवून झालेली गादी खिडकीजवळच्या लांब टेबलावर येई. आत्याबाई आधी तिच्यावरून तळहात फिरवीत. मग दोन्ही हातांची बोटे कडेकडेने चालवून आत कापसाची गाठ राहिली आहे का ते पाहत. शेवटी मधोमध कोपर रोवून त्यावर अंगाचा सगळा भार टाकीत. कोपर किती खाली जातो आणि किती आढेवेढे घेत वर येतो, यावर गादीची जात ठरे. ‘मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये, आत्याबाई,’ असे कोणी थट्टेने म्हटले, तर त्या म्हणत, “मला खणण्याचाच पगार आहे.”

मग त्या एका चिठ्ठीवर शब्द लिहीत. तान्ह्या मुलांसाठी लुसलुशीत. घरोघरच्या माणसांसाठी मऊसूत. गुबगुबीत म्हणजे दिसायला देखणी, पण महिन्याभरात बसणारी. ती परत जाई. भुसभुशीत ही तिची धाकटी बहीण, वरून फुगलेली आणि आत पोकळ. लिबलिबीत असे लिहिलेली चिठ्ठी पाहिली, की गादी भरणाऱ्याचे तोंड दिवसभर उतरलेले असे. ‘गुळमुळीत’ हा शब्द मात्र आत्याबाईंनी कोणत्याच गादीला दिला नव्हता. तो त्यांनी पुतण्याच्या बोलण्यासाठी राखून ठेवला होता.

पुतण्या सत्तेचाळीस वर्षांचा, शिकलेला, कामाला वाघ. पण समोरच्याचे मन दुखवण्याची वेळ आली की त्याची जीभ लुळी पडे. “तुम्ही नकार देता तोही असा,” त्याची बायको म्हणे, “की समोरच्याला वाटतं आमंत्रण आहे.” सध्या त्याच्यापुढे एकतीस वर्षांत आले नव्हते असे संकट होते. मोठी गिऱ्हाइके आता शब्द घेईनाशी झाली होती. त्यांना आकडा हवा होता. म्हणून त्याने एक यंत्र मागवले होते. त्याची लोखंडी थाळी गादीवर ठरावीक भाराने दाबली जाई आणि मऊपणाचा आकडा समोर उमटे. एक तारखेपासून चिठ्ठीऐवजी आकडा लागणार होता, आणि आत्याबाईंना घरी बसावे लागणार होते. हे आत्याबाईंना सांगायचे होते. तीन आठवडे झाले, तो सांगत होता.

यंत्र कचेरीच्या कोपऱ्यात चादरीखाली उभे होते. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी “हे काय?” असे विचारले, तेव्हा पुतण्याच्या तोंडून “पाणी गार करायचं यंत्र” असे निघून गेले होते. तेव्हापासून त्या दर दुपारी विचारत, “अरे, ते लाव की. कापसानं घसा कोरडा पडतो सगळ्यांचा.”

एका सोमवारी त्याने मनाचा हिय्या केला आणि टेबलाशी जाऊन उभा राहिला.

“आत्या, तुला दमायला होत नाही ना?”

“होतं की. दमायला होत नाही ते काम कसलं?”

“नाही, म्हणजे या वयात जरा विश्रांती...”

“कोणाला? तुला? डोळे ओढलेत खरे तुझे. जा, घरी जाऊन तासभर पड. मी बघते इथलं.”

“मी तुझ्याबद्दल बोलत होतो, आत्या.”

“माझ्याबद्दल काय?”

त्याने आत्याकडे पाहिले. लहानपणी आई आजारी असताना याच बाईने त्याला दोन वर्षे जेवू घातले होते. तो म्हणाला, “तुझ्याबद्दल सगळे फार चांगलं बोलतात.”

“गुळमुळीत,” आत्याबाई म्हणाल्या आणि पुढची गादी ओढली.

तो अवेळी घरी आलेला पाहून बायकोने विचारले, “सांगितलंत?”

“सुरुवात केली.”

“मग?”

“तिनं मला झोपायला पाठवलं.”

पुतण्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि कारखान्यात ती फक्त दोघींना ठाऊक होती. आत्याबाईंच्या बोटांची टोके बधिर झाली होती. कोपर शाबूत होता, तळहातही बरा होता. पण बोटांना गाठ आणि कापूस यांतला फरक कळत नव्हता. हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. दोन गल्ल्या पलीकडे त्यांची एक खोली होती, तिथे एक खाट होती आणि खिडकीतून दिसणारी समोरची भिंत होती. त्या खोलीत दिवसभर बसून राहण्याची कल्पना त्यांना बोटांपेक्षा जास्त सुन्न करी.

दुसरी होती टाकेवाली. गादीवर टाके घालणारी ही चाळिशीची बाई आत्याबाईंच्या शेजारच्याच टेबलावर काम करी. दीड वर्षापूर्वी एकदा दाभण आत्याबाईंच्या बोटात शिरले आणि पांढऱ्या खोळीवर लाल ठिपका उमटेपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही. टाकेवालीने ते पाहिले आणि मान खाली घातली. दुसऱ्याच दिवशी एका गादीत चांगली सुपारीएवढी गाठ राहिली होती. आत्याबाईंची बोटे तिच्यावरून वाटसरूसारखी सरळ निघून गेली. टाकेवालीने तोंड उघडले, पण बोलणार काय? गादी भरली होती तिच्या सख्ख्या दिराने, आणि तो चार हातांवर उभा होता. दहा माणसांत दिराची चूक काढायची, आणि तीसुद्धा आत्याबाईंचे व्यंग उघडे करून? तिने उघडलेले तोंड वाया जाऊ न देता खोकून घेतले.

आत्याबाईंची बोटे थांबली. दोघींची नजरानजर झाली. बोटे एक वीतभर मागे आली. टाकेवालीने खाकरून घसा मोकळा केला.

“इथे गाठ आहे,” आत्याबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून ही पद्धतच पडली. गाठीला एक खोकला, सैल टाक्याला दोन. याविषयी दोघींनी एकमेकींशी अवाक्षर काढले नाही. दीर मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “आत्याबाईंच्या बोटांना डोळे आहेत, डोळे!” त्याचे स्वतःचे डोळे गेल्या काही दिवसांत बाराच्या भावात गेले होते, चष्मा डबीसकट कुठेतरी हरवला होता आणि तो अंदाजाने कापूस भरत होता. त्यामुळे टाकेवालीचा खोकला वाढला.

हा वाढलेला खोकला पुतण्याच्या कानावर गेला. कापसाची धूळ, छातीचा विकार, सगळे त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्याने आधी सगळ्यांना नाकातोंडाला बांधायला कापडी पट्ट्या आणल्या. खोकला पट्टीतून येऊ लागला. मग त्याने टाकेवालीला कचेरीत बोलावले.

“ताई, तुम्ही उद्यापासून चार दिवस घरी राहा. पगार चालू राहील.”

“मला काही झालं नाहीये हो, मालक.”

“असंच म्हणतात सगळे.”

“खरंच खोकला नाहीये मला!”

“आत्ता दहा मिनिटांपूर्वी एक आला होता. मी मोजला.”

“तो... तो तसला नव्हता.”

“कसला होता मग?”

टाकेवालीने चादरीखालच्या यंत्राकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले, आणि म्हणाली, “कोरडा.”

“बघा! कोरडाच वाईट,” पुतण्या म्हणाला आणि त्याने औषधाच्या दोन बाटल्या तिच्या पिशवीत घातल्या. ज्या माणसाला आत्यापुढे शब्द फुटत नव्हता, तो दया करताना मात्र दगडासारखा अढळ राहिला. तिला चार दिवस घरी बसावेच लागले.

आणि नेमक्या त्याच दिवसांत वृद्धांच्या निवासासाठी मागवलेल्या चाळीस गाद्यांपैकी शेवटच्या चौदा तपासणीला आल्या. आत्याबाईंनी तळहात फिरवला, बोटे चालवली, कोपर रोवला. कोपर म्हणत होता, मऊसूत. बोटे काहीच म्हणत नव्हती, आणि खोकायला कोणी नव्हते. पहिल्या गादीपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. दिराने कौतुकाने विचारले, “काय आत्याबाई, सापडलं काही?” त्यांनी चिठ्ठीवर ‘मऊसूत’ लिहिले. दुसरीपासून हात भराभर चालू लागला, कारण खोटे काम सावकाश करवत नाही.

निवासाच्या अधीक्षिका बुधवारी दुपारी माल पाहायला आल्या. त्यांचा आवाज इतका मृदू होता, की ऐकायला माणूस नकळत पुढे वाके आणि मग त्याला शब्दांचा मार जवळून बसे. त्यांनी थप्पीला हात लावला नाही. चपला काढून ठेवल्या आणि म्हणाल्या, “मला झोपायचं आहे.”

“बरं वाटत नाहीये का?” पुतण्या घाबरून म्हणाला. “पाणी आणू?”

“गादीवर झोपायचं आहे. आमची माणसं दिवसाचे अठरा तास यावर असतात. मी पाच मिनिटं तरी असायला हवं.”

पहिल्या दोन गाद्यांवर त्या डोळे मिटून शांत पडून राहिल्या. सगळा कारखाना पायांचा आवाज न करता भोवती उभा होता. एखाद्या आजाऱ्याला भेटायला जमावे तसा. तिसऱ्या गादीवर पाठ टेकताच त्यांनी डोळे उघडले.

“माझ्या कमरेखाली,” त्या हळुवारपणे म्हणाल्या, “कोणीतरी आहे.”

गादी उसवली. कापसातून चष्म्याची डबी निघाली.

“सापडला!” दीर ओरडला. त्या क्षणी आनंद झालेला तो एकटाच माणूस होता. त्याने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि मग त्याला सगळ्यांचे चेहरे स्पष्ट दिसले.

अधीक्षिका उठून बसल्या. “आमच्याकडे पाठीला जखमा झालेली माणसं आहेत. त्यांना कूस बदलता येत नाही. खाली काही टोचतंय, हे काहींना सांगताही येत नाही.” त्यांनी गादीवरची चिठ्ठी वाचली. “मऊसूत. हे कोणी लिहिलं?”

“माझीच चूक आहे,” पुतण्या म्हणाला. “माझं लक्ष नव्हतं.”

“नाही नाही, डबी माझी,” दीर म्हणाला.

“पट्टी बांधल्यामुळे नीट दिसत नाही कधीकधी,” मागून आणखी कोणीतरी म्हणाले. ती पट्टी नाकाला बांधायची होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

“मी लिहिलं,” आत्याबाई म्हणाल्या. “अक्षर माझं आहे.”

“बोटांना एवढं मोठं कळलं नाही?”

“नाही. दीड वर्ष झालं, काहीच कळत नाही.”

अधीक्षिकांनी आत्याबाईंचा हात हातात घेतला आणि एकेका बोटाच्या टोकावर नखाने दाबत गेल्या. आत्याबाई दुसऱ्याच कोणाचा हात पाहावा तशा पाहत राहिल्या.

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“दाखवलं असतं तर काम गेलं असतं.”

“आणि नाही दाखवलं तर हात जाईल,” अधीक्षिका तितक्याच मृदूपणे म्हणाल्या. “उद्याच दाखवा.” मग पुतण्याकडे वळल्या. “परवा मी पुन्हा येते. चाळीसच्या चाळीस तपासून ठेवा. ज्याची बोटं जागी आहेत अशा माणसाकडून. नाहीतर मला दुसरा कारखाना पाहावा लागेल.”

त्या गेल्यावर आत्याबाई सरळ कचेरीत गेल्या आणि त्यांनी कोपऱ्यातली चादर ओढली. थाळी, दांडा, आकड्यांची काच, सगळे त्यांनी न्याहाळले. पुतण्या दारात उभा होता.

“यातून पाणी कुठून येतं?”

“येत नाही, आत्या.”

“ते दिसतंय. हे माझ्या कोपराचं काम करणार ना?”

“तसं नाही अगदी...”

“तसंच आहे. कधीपासून?”

“बघू ना. घाई काय आहे? तुला सवडीनं, जमेल तसं...”

आत्याबाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा आवाज टेबलाशी असताना असे तसाच कोरडा होता. “तीन आठवडे तू माझ्याभोवती घिरट्या घालतोयस. मला वाटलं घरात भांडण झालं. मग वाटलं तुलाच काही दुखणं आहे. परवा रात्री मी तुझ्यासाठी जागी होते. काय सांगायचंय ते एकदा नीट सांग.”

“आत्या, तू आमच्यासाठी जे केलंस, ते आम्ही कधीच...”

“लुसलुशीत. हे तान्ह्या पोरांना. दुसरं काढ.”

“आता नव्या पद्धती येतायत, सगळीकडेच बदल होतोय, तर आपणही त्या दृष्टीनं...”

“भुसभुशीत. दाबलं तर आत काही नाही.”

“तू रोज येत जा! नुसती बसत जा. तुझी खुर्ची इथेच...”

“लिबलिबीत!” आत्याबाईंचा आवाज चढला. “नुसती बसू? कशाला, धूळ खायला? बाळ्या, मी आज एका आजारी माणसाच्या पाठीखाली डबी ठेवली. का ठेवली? मला कोणी तोंडावर काही म्हणेल या भीतीनं. मी तुझ्याहून कमी मऊ नाही, एवढंच की माझं दिसत नाही. आता दोघांपैकी एकानं तरी नीट बोलावं. तू मालक आहेस. बोल.”

पुतण्याने टेबलाची कड धरली. त्याचे ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा आवाज आला.

“आत्या, एक तारखेपासून तू कामावर नाहीस.”

बाहेर शिवणयंत्र सुरू होऊन थांबले.

“हं,” आत्याबाई म्हणाल्या. “हे बसणार नाही वर्षभर तरी. आता रडायचं असेल तर रड.”

तो खरोखरच रडू लागला. त्यांनी त्याला थोडा वेळ रडू दिले, मग पदर पुढे केला.

“तू?” त्याने नाक पुसत विचारले.

“मी घरी गेल्यावर बघीन. आणि डॉक्टरकडे तू यायचंस माझ्याबरोबर. मला एकटीला सांगतील ते खरं वाटणार नाही. आधी टाकेवालीला निरोप धाड. तिला खोकला बिकला काही नाही.”

“म्हणजे? मी स्वतः ऐकला ना!”

आत्याबाईंनी त्याला सगळे सांगितले. पुतण्या ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक रंग येत होते. शेवटी त्याने फक्त एवढेच विचारले, “मग ते औषध?”

“तिच्या सासूला दिलं असेल. जा आता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई डॉक्टरकडे जाऊन अकरा वाजता कारखान्यात आल्या, तेव्हा चाळीस गाद्या टेबलाशी रचल्या होत्या. आत्याबाईंनी सगळ्यांना काम थांबवायला लावले आणि एका दमात सांगितले, की मऊपणाचा आकडा यापुढे यंत्र देईल, गाठी टाकेवालीची बोटे शोधतील, आणि आपण एक तारखेला घरी जाऊ. पहारेकऱ्याने डोळे पुसले. दिराला काय बोलावे सुचेना, म्हणून तो म्हणाला, “वहिनींची बोटं? वहिनींना तर घरी मीठ किती घालायचं ते कळत नाही.”

टाकेवाली टेबलाशी आली. तिने पहिल्या गादीवरून हात फिरवला, बोटे कडेकडेने चालवली आणि उजव्या कोपऱ्यात थांबली. आत्याबाई शेजारी उभ्या होत्या, हात पाठीमागे बांधून. टाकेवालीने एकदा दिराकडे पाहिले आणि खोकली.

“आता काय खोकतेस?” आत्याबाई म्हणाल्या. “तोंड आहे ना?”

“आत्याबाई, घरी एका ताटाला ताट लावून जेवतो हो आम्ही,” ती कुजबुजली.

“मग घरी गोड बोल. इथे सांग.”

टाकेवालीने पदर सारखा केला. “भाऊजी, तुम्हाला सवड झाली की जमलं तर जरा...”

“त्यांना सवड नाही. उद्या अधीक्षिका यायच्या आहेत.”

“भाऊजी,” टाकेवाली म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला असावा, कारण ती मध्येच थबकली. “या कोपऱ्यात गाठ आहे. उसवा.”

“माझ्या गादीत? कालची उसवलेली ही, चष्मा लावून पुन्हा भरली वहिनी, आज सकाळी!”

“चष्मा लावून भरली असेल. गाठ आहे.”

दीर गुरगुरला, पण आला. त्याने टाके कापले, आत हात घातला, आणि बराच वेळ काही न सापडल्याचा आव आणून अखेर लिंबाएवढा कापसाचा गोळा बाहेर काढला. तो गोळा त्याने डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, फिरवून पाहिला; जणू तो कोणी दुसऱ्याने आत टाकला होता. मग दोरा ओवायला बसला. टाकेवालीच्या कपाळावर घाम आला होता.

“झालं?” तिने आत्याबाईंना विचारले.

“एक झाली. एकोणचाळीस राहिल्या.”

पहारेकऱ्याने पुढची गादी टेबलावर टाकली. टाकेवालीने हात पुढे केला आणि तो मधेच थांबवून मागे वळून पाहिले.

“ही कोणी भरली?”

“ते विचारायचं नाही,” आत्याबाई म्हणाल्या.